शुक्रवारची प्रार्थना आणि सोसायटीची नोटीस

घोडबंदर रोडलगतच्या आमच्या सोसायटीने आम्हांला दिलेल्या नोटिशीत सदनिकेचा निवासाखेरीज अन्य कारणासाठी वापर आणि जिन्यासमोरच्या जागेत चपलांचा अडथळा असे दोन मुद्दे टंकलिखित होते. तिसरा मुद्दा कोणीतरी खाली पेनाने वाढवला होता. घरकाम करणाऱ्या बायकांना आमिष दाखवून आम्ही त्यांचे धर्मांतर करतो, असा तो मुद्दा होता, आणि तिन्हींचा लेखी खुलासा पंधरा दिवसांत मागितला होता. आमचे ख्रिस्ती घराणे मूळचे अहमदनगर जिल्ह्यातले. अमेरिकन मिशनने त्या भागात शाळा काढल्या, १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले, आणि पुढे त्याच मिशनच्या एका खेड्यातल्या शाळेत माझ्या पणजोबांनी अक्षरओळख आणि बाप्तिस्मा दोन्ही घेतले. ठाण्यात आमची तिसरी पिढी राहते आहे. या काळात टोमणे ऐकले नाहीत असे नाही, पण असा आरोप आमच्या नावावर कागदावर लिहून येण्याची ही पहिलीच वेळ होती.

प्रार्थना सुरू झाली ती सासूबाईंमुळे. खुब्याचे हाड मोडल्यापासून त्यांना रविवारी चर्चला नेणे शक्य राहिले नव्हते, म्हणून आमच्या मंडळीतील, म्हणजे चर्चमधल्या, काही भगिनी शुक्रवारी संध्याकाळी घरी येऊ लागल्या. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली दोन-तीन गीते, एक स्तोत्र, थोडे वाचन, आजाऱ्यांसाठी प्रार्थना आणि चहा, एवढाच तो कार्यक्रम असे, महिन्यातून एकदा पाळकसाहेब येऊन सासूबाईंना प्रभुभोजन देत. सासूबाईंना अंघोळ घालायला येणाऱ्या मावशी एका शुक्रवारी काम आटोपून दाराशीच टेकल्या, गीत संपेपर्यंत बसून राहिल्या आणि पुढच्या शुक्रवारी वस्तीतल्या दोन शेजारणींना घेऊन आल्या. आम्ही त्यांना बोलावले नव्हते, आणि येऊ नका असेही म्हटले नाही. तसे म्हणण्याचा अधिकार आम्हांला आहे असे मला आजही वाटत नाही.

वादाची ठिणगी पडली ती धर्मावरून नव्हेच. मावशी आमच्याच इमारतीतल्या आणखी काही घरी कामाला जात. त्यांपैकी एका घरी शुक्रवारी संध्याकाळी पाहुण्यांची भांडी घासायला थांब म्हणून सांगितले, तेव्हा मावशींनी ‘शुक्रवारी मला प्रार्थना असते, सकाळी लवकर येऊन घासते’ असे उत्तर दिले. कामवाली बाई नाही म्हणाली, आणि नाही म्हणताना तिने प्रार्थनेचे नाव घेतले, एवढ्यावरून पुढचे सगळे घडले. आमच्या यजमानांनी नोटीस वाचून पहिल्याच रात्री ठाण्याच्या त्या जुन्या हुतात्म्यांचा विषय काढला. १३२१ च्या एप्रिल महिन्यात टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री असे फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघाचे चार जण याच ठाण्यात आपल्या विश्वासापायी मारले गेले, आणि काही काळाने ओडोरिक नावाच्या त्यांच्या संघबंधूने त्यांच्या अस्थी येथून चीनपर्यंत नेल्या. त्या प्रकरणाची सुरुवातसुद्धा, जी हकिकत आपल्यापर्यंत आली आहे तिच्याप्रमाणे, ज्या घरी ते उतरले होते तिथल्या नवरा-बायकोच्या भांडणातून झाली होती. ते भांडण काझीपुढे गेले, साक्षीदार म्हणून या पाहुण्यांचे नाव निघाले, आणि मग साक्ष बाजूला राहून चौकशी त्यांच्या धर्माची सुरू झाली. सुरुवातीपुरते साम्य खरे आहे. पण त्या चौघांच्या रांगेत स्वतःला नेऊन बसवण्याची घाई मला पटली नाही, आणि मी तसे यजमानांना सांगितले. त्यांनी प्राण दिले. आमच्याकडे खुलासा मागितला होता. आपल्यावरचा प्रसंग आहे त्याहून मोठा समजण्याने माणूस शांत राहत नाही, उलट त्याला आपल्या रागाचा अभिमान वाटू लागतो.

पाळकसाहेबांना नोटीस दाखवली तेव्हा त्यांनी सांत्वनाचे एकही वचन वाचले नाही, याचे मला आधी वाईट वाटले. त्यांनी दोन कामे सांगितली. उत्तर लिहा, रात्रभर ठेवा, आणि सकाळी त्यातली सगळी विशेषणे खोडा, हे पहिले काम होते. ज्यांनी तक्रारीवर सह्या केल्या आहेत त्यांच्यासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करा, हे दुसरे. दुसऱ्यात अडचण अशी की सह्या बहुतेक न वाचता येण्याजोग्या होत्या आणि त्यांपुढे फक्त सदनिका क्रमांक होते. त्यामुळे आम्ही सकाळी चहाच्या आधी बसून ‘प्रभू, बी विंगमधल्या सातशे दोनला आशीर्वाद दे’ अशा प्रार्थना करू लागलो. सासूबाईंना त्यात काही वावगे वाटले नाही, देवाला क्रमांक कळतात असे त्या म्हणाल्या. मला मात्र आरंभी हसू यायचे. हळूहळू त्या क्रमांकांमागे कोण राहते याची मी विचारपूस करू लागले, आणि एका घरी मूल दहावीला आहे, दुसरीकडे गृहस्थ डायलिसिसवर आहेत, असे कळत गेले. यामुळे त्यांच्याविषयी प्रेम उत्पन्न झाले असे मी म्हणणार नाही. लिफ्टमध्ये गाठ पडल्यावर छातीत जो गोळा उठायचा तो उठेनासा झाला, एवढे मी खात्रीने म्हणू शकते.

पहिल्या कामाचा परिणाम अधिक लवकर दिसला. माझा पहिला मसुदा चार पानांचा होता. विशेषणे, प्रश्नचिन्हे आणि स्वातंत्र्यलढ्यातील ख्रिस्ती लोकांचे योगदान खोडल्यावर तो एका पानावर आला. चपलांचा मुद्दा रास्त होता, म्हणून तो विनाअट मान्य करून आम्ही चपलांचे कपाट दाराच्या आत घेतले. ढोलकीबद्दल कोणी लिहिले नव्हते, तरी ती बंद करून फक्त पेटी ठेवत असल्याचे आम्ही आपणहून कळवले. घरात आठवड्यातून एक तास प्रार्थना करण्याने सदनिकेचा निवासी वापर बदलत नाही, जशी पूजा किंवा हळदीकुंकू केल्याने तो बदलत नाही, असे वापराच्या मुद्द्याचे उत्तर दिले. तिसऱ्या मुद्द्यावर मंडळीतले एक वकील आमच्यासोबत बसले. त्यांनी राज्यघटनेचे कलम २५ उघडून दाखवले: सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य, धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क, तोही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ‘प्रसार’ ठेवावा की वगळावा यावर बरीच चर्चा झाली होती आणि कन्हैयालाल मुन्शींनी तो ठेवण्याच्या बाजूने मत मांडले होते, हेही त्यांनी सांगितले. पण त्याच बैठकीत त्यांनी १९७७ चा सर्वोच्च न्यायालयाचा स्टॅनिस्लॉस खटल्यातील निकालही पुढे ठेवला: प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आपल्याला सोयीचे तेवढेच कलम पाठ करून भांडायला जाणाऱ्या माणसाची शांतता पहिल्या उलटप्रश्नालाच मोडते, म्हणून त्यांचे हे सांगणे मला मोलाचे वाटले. आम्ही उत्तरात एवढेच लिहिले की येणाऱ्या महिला स्वेच्छेने येतात, त्यांना पैसे, वस्तू अथवा आश्वासन दिले जात नाही, आणि याविषयी त्यांनाच विचारता येईल. त्या नोटिशीत मावशींना स्वतःची काही इच्छा असू शकेल ही शक्यताच कोणी धरली नव्हती.

आता जो भाग मला सर्वांत कठीण गेला त्याकडे येते. उत्तर दिल्यावर सोसायटीचे एक पदाधिकारी घरी आले. माणूस सज्जन, बोलणे मऊ. चहा घेताना ते म्हणाले, “वहिनी, तुमचा प्रश्नच नाही. तुम्ही जुने लोक, सुशिक्षित, तुमचे लोक शाळा-दवाखाने चालवतात, आम्हांला आदर आहे. हे जे नवीन प्रकार निघालेत, वस्तीतल्या बायका जमवून हल्लेलुया करायचं, तो त्रास आहे. तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या की बाहेरच्या कोणाला घेणार नाही आणि त्या प्रकाराशी तुमचा संबंध नाही. मी विषय मिटवतो.” शांतता हवी होती ती आयती ताटात वाढून समोर आली होती. न भांडता, न आवाज चढवता सगळे मिटत होते, आणि त्यांच्या म्हणण्यात मला पटणारा एक अंशही होता. रोगमुक्तीच्या जाहिराती करणारे आणि दुसऱ्यांच्या देवांची टिंगल करणारे प्रचारक मला स्वतःला पसंत नाहीत, आणि तसे मी आमच्या मंडळीतही बोलले आहे. पण त्या दोन ओळींचा खरा अर्थ मावशींना दाराबाहेर काढणे हा होता. माझे पणजोबा ज्या दिवशी मिशनच्या शाळेच्या दारात जाऊन बसले, त्या दिवशी गावाच्या दृष्टीने तेही नवीन प्रकारातलेच होते.

मी त्यांना तेवढ्याच सौम्यपणे सांगितले की आमच्या घरी कोणी यावे हे आम्ही ठरवू, आणि त्या महिलांना आम्ही आमच्याच मंडळीच्या समजतो. ते कपात अर्धा चहा ठेवून उठले. त्या रात्री मला झोप लागली नाही, हेही लिहिले पाहिजे, कारण विश्वासूपणाचे पाऊल उचलले की मनाला लगेच स्वस्थता लाभते, असे जे प्रवचनांतून ऐकायला मिळते ते माझ्या अनुभवास आले नाही. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर द्यायला सिद्ध असा, असे सांगितले आहे. सौम्यतेवर मी इतका भर दिला होता की उत्तर द्यायचेच आहे हे त्या संध्याकाळपर्यंत मागे पडत चालले होते. योहानाच्या शुभवर्तमानात हन्ना नावाच्या यहुदी याजकाच्या वाड्यात एक शिपाई येशूच्या तोंडावर चपराक मारतो, तो प्रसंग मी त्या काळात अनेकदा वाचला. येशू तिथे उलट मारत नाही आणि गप्पही बसत नाही. मी वावगे बोललो असेन तर ते दाखव, बरोबर बोललो असेन तर मारलेस का, असे तो त्याला सरळ विचारतो. फिलिप्पैत पौलाला फटके मारून तुरुंगात घातले आणि सकाळी गुपचूप सोडून देऊ लागले, तेव्हा आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असे तोही म्हणाला. हे दोन्ही प्रसंग वाचल्यापासून कायद्याचा आधार घेण्यात विश्वासाची उणीव आहे असे मला वाटेनासे झाले.

पुढच्याच शुक्रवारी गीत चालू असताना दारावर थापा पडल्या. इमारतीतले दोघे-तिघे आणि बाकी अनोळखी तरुण होते. एकाने मोबाइल आमच्या चेहऱ्यांसमोर धरला होता. यजमानांनी दार पूर्ण उघडले, कारण अर्धवट उघडलेल्या दाराने संशय वाढतो, आणि सासूबाई आतल्या पलंगावरून ‘कोण आलंय, बसायला द्या’ असे म्हणाल्या. त्यांच्या त्या वाक्याने तरुणांपैकी काहींची गडबड झाली हे मी पाहिले. तरी घोषणा झाल्या, मावशींच्या शेजारणीच्या हातातले गीतांचे पुस्तक ओढले गेले, आणि कोणीतरी पोलिसांना फोन केला. आमच्यातल्या एका भगिनीने ते पुस्तक खाली वाकून उचलले, त्याचे पान पुसले आणि गीत जिथे तुटले होते त्या कडव्यापासून हळू आवाजात पुन्हा धरले. मला स्वतःला ते धाडस झाले नसते. माझे हात थरथरत होते आणि मी फक्त सासूबाईंच्या उशाशी जाऊन उभी राहिले.

पोलिसांनी आम्हांला चौकीवर बोलावले. साक्षीदार म्हणून स्त्रीला चौकीवर येण्याची सक्ती करता येत नाही, तिचे म्हणणे ती राहते तिथेच घ्यावे लागते, असे वकिलांनी फोनवर बजावले होते. पण पोलिसांची गाडी वस्तीत गेली तर मावशींचे तिथले राहणे कठीण होईल, म्हणून आम्ही सगळे मिळून आपणहून गेलो. अधिकारी माझ्याशी ‘तुम्ही’ म्हणून बोलत होते आणि मावशींशी ‘तू’ म्हणून. त्यांनी विचारले, “तुला पैसे देतात का तिथं यायचे?” मावशी पदर सावरून म्हणाल्या, “नाही साहेब, उलट मीच टाकते. थैली फिरते ना, तिच्यात दर वेळी दहा रुपये.” पलीकडच्या टेबलावरचा हवालदार हसला, अधिकारी हसले नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवले. मग त्यांनी मला विचारले की ख्रिश्चन झाल्यावर या लोकांना सवलती मिळतात, खरे ना. मी सांगितले की अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे नेमके उलट होते. पुढे १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला, पण ख्रिस्ती झालेल्याचा अनुसूचित जातीचा दर्जा आजही जातो. हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि त्यांनी ते मोकळेपणाने मान्य केले. मावशींनी अजून बाप्तिस्मा घेतलेला नाही हेही त्यांनी विचारून नोंदवले. घ्यायचा आहे का, या प्रश्नावर मावशींचे उत्तर ‘मनात आहे, साहेब’ असे होते, आणि ते त्यांनी माझ्याकडे न पाहता दिले.

धार्मिक कार्यासाठी कायदेशीरपणे जमलेल्या लोकांना जाणूनबुजून अडथळा आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०० खाली गुन्हा आहे, तेव्हा तुम्हीच फिर्याद द्या, असे वकिलांचे मत होते. मंडळीत यावर एकमत होईना. क्षमा करायची तर फिर्याद कशाला, असे ज्येष्ठांचे म्हणणे पडले. मला ग्लॅडिस स्टेन्स आठवत होत्या. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे त्यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप व तिमथी ही दोन लहान मुले गाडीत जाळली गेली. बाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले आणि त्या बारिपद्याला कुष्ठरोग्यांच्या सेवेत राहिल्या. खटला मात्र आपल्या वाटेने चालला, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. त्यांच्या क्षमेने न्यायालयाचे काम थांबले नाही आणि न्यायालयाच्या कामाने त्यांची क्षमा खोटी ठरली नाही. आम्ही अखेर फिर्याद दिली नाही, पण झालेल्या प्रकाराचा तारीखवार अर्ज देऊन त्यावर पोच घेतली. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता, तरी ज्यांच्या बाबतीत मारहाण किंवा मोडतोड झाली आहे त्यांनीही असेच करावे असे मी सांगणार नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभेत विषयपत्रिकेवर ठराव आला: कोणत्याही सदनिकेत बाहेरच्या व्यक्तींना घेऊन धार्मिक कार्यक्रम करता येणार नाही. आमच्या बोलण्याची मी रात्रभर तयारी केली होती. आवाजाचे नियमही मी टिपून ठेवले होते, की २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि आमची पेटी त्यात सहज बसते. त्यातले काही बोलण्याची वेळच आली नाही. ठराव वाचून होताच दुसऱ्या मजल्यावरच्या आजी उठल्या आणि त्यांनी विचारले, “म्हणजे एकादशीला माझं भजनी मंडळ यायचं नाही का? त्यातल्या निम्म्या बायका वर्तकनगरच्या आहेत.” मग कोणी सत्यनारायणाचे काढले, कोणी गणपतीतल्या आरतीला येणाऱ्या नातेवाइकांचे, आणि ठराव मागे घेतला गेला. आमच्या संयमाने लोकांची मने पालटली, असे लिहायला मला आवडले असते. मने फारशी पालटलेली नाहीत. ठराव प्रत्येकाच्या घरापर्यंत पोहोचत होता म्हणून तो पडला. आजींनी नंतर मला जिन्यात सांगितले की तुमच्या त्या गाण्यांतले काही अभंगांसारखे वाटते, आणि मीही सांगितले की ते रेव्हरंड ना. वा. टिळकांचे आहे, त्यांना तुकोबांचे फार वेड होते. सासूबाईंची विचारपूस करायला त्या अधूनमधून येतात. पदाधिकारी गृहस्थ दिसले की मान हलवतात. सातशे दोनचे गृहस्थ बोलत नाहीत, त्यांच्यासाठी आम्ही अजून प्रार्थना करतो, आणि आता त्यांचे नाव ठाऊक असूनही सासूबाई क्रमांकच घेतात.

नुकसान झाले ते मावशींचे. आमच्या इमारतीतली दोन कामे त्यांच्या हातून गेली आणि ती परत मिळाली नाहीत. मंडळीतल्या बहिणींनी मानपाड्याच्या बाजूला एक काम पाहून दिले, पण तिथे जायला बसला पैसे पडतात. एका घराने तर सुटलेल्या महिन्याचा पगारही अडकवून ठेवला होता. तो मागायला मावशी निघाल्या, तेव्हा मी सोबत येते म्हणून पायांत चपला घातल्या होत्या. त्यांनी मला दारातच थांबवले. “तुम्ही आलात की ताई, ते पुन्हा धर्माचं होईल,” त्या म्हणाल्या. “पैसे माझ्या भांड्यांचे आहेत.” त्या एकट्याच वर गेल्या आणि थोड्या वेळाने पूर्ण पगार घेऊन खाली आल्या.